अटलांटिसच्या धक्क्यावरचा गलबला

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं, की सर, अटलांटिस नेमकं कुठं होतं ते सांगणार का? आधीच सांगून टाकलेलं बरं, तो शोध आपण आज घेणार नाही. १८८२ साली इग्नेशियस डोनेली या अमेरिकन गृहस्थांनी अटलांटिसवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून हे बेट कुणाला ना कुणाला, कुठं ना कुठं सापडतच असतं. आपल्या दृष्टीनं ते एकाच ठिकाणी आहे, प्लेटोच्या 'तिमेयस' आणि 'क्रिटियास' या दोन उत्तरकालीन संवादांत. त्याआधीच्या ग्रीक वाङ्मयात या बेटाचा मागमूस नाही. त्याची राजधानी हे माणसानं रचलेलं शहर आहे. आणि रचलेल्या शहराला एक प्रश्न विचारता येतो: रचणाऱ्यानं इथं काय ठेवलं, काय वगळलं, आणि का?

कथा थोडक्यात अशी. अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन इजिप्तमध्ये साइस नावाच्या गावी जातो. तिथले पुजारी त्याला सांगतात, की नऊ हजार वर्षांपूर्वी हेराक्लीजच्या खांबांपलीकडं, म्हणजे आजच्या जिब्राल्टरच्या पलीकडं, एक मोठं बेट होतं. समुद्रदेव पोसायडन याला पाच वेळा जुळे मुलगे झाले, ते दहा जण तिथले राजे. थोरला अ‍ॅटलास, त्याच्यावरून बेटाचं नाव. या राजांनी भूमध्य समुद्राकाठचे देश घशात घातले, अथेन्सवर चालून आले आणि हरले. मग भूकंप झाले, पूर आले, आणि एका दिवसरात्रीत बेट समुद्रात गेलं. अथेन्सचं सैन्यही त्याच वेळी जमिनीनं गिळलं. हा तपशील लोक हमखास विसरतात.

द्वारकेची आठवण इथं कुणालाही होईल. पण 'मौसलपर्वा'त यादव आधी आपसांत लढून मरतात, अर्जुन उरलेल्यांना घेऊन निघतो आणि मागून समुद्र नगरी गिळतो. द्वारकेच्या बंदरावर कुणी ठपका ठेवलेला नाही. प्लेटोच्या कथेत बंदरावर ठपका आहे. तो बघायचा तर शहरात शिरायला हवं, आणि शिरायचं समुद्राकडूनच.

समुद्रापासून शहरापर्यंत सरळ कालवा आहे, ५० स्टेडियन लांब. एक स्टेडियन म्हणजे साधारण १८० मीटर, तेव्हा झाले नऊ किलोमीटर. रुंदी ३०० फूट, खोली १०० फूट. त्या काळची तीन रांगांत वल्ही असलेली युद्धनौका, जिला ट्रायरीम म्हणत, तिला तरंगायला एक-सव्वा मीटर पाणी पुरे. १०० फूट कशाला हवेत? पण या शहरात सगळंच गरजेपेक्षा मोठं आहे, आणि ते मुद्दाम आहे.

कालवा संपतो तिथं पाण्याचं पहिलं वलय लागतं, तीन स्टेडियन रुंद. मग तेवढंच जमिनीचं वलय. मग दोन-दोन स्टेडियनची पाण्या-जमिनीची जोडी, मग एक स्टेडियन पाणी, आणि मधोमध पाच स्टेडियन व्यासाचं बेट. तिथं राजवाडा आणि पोसायडनचं मंदिर. आम्ही हा उतारा वर्गात शिकवत असू तेव्हा मुलं वहीत वर्तुळं काढायची आणि विचारायची, सर, मग पलीकडं जायचं कसं? प्लेटोनं सोय केली आहे. जमिनीच्या वलयांमधून बोगदे खोदले आहेत, एका वेळी एक ट्रायरीम जाईल एवढे. वरून पूल, आणि पुलांच्या टोकांना बुरूज आणि दरवाजे. पांढरा, काळा आणि तांबडा असा तीन रंगांचा दगड तिथंच खणून काढला, आणि खणल्यानं जी पोकळी झाली तिच्यातच गोद्या केल्या, वर नैसर्गिक खडकाचं छप्पर. बाहेरच्या भिंतीला ब्राँझचा मुलामा, आतलीला कथलाचा, आणि बालेकिल्ल्याच्या भिंतीला ओरिकाल्कम नावाच्या, विस्तवासारख्या चमकणाऱ्या धातूचा. मंदिर बाहेरून चांदीनं मढवलेलं. एवढं वर्णन करून प्लेटो हळूच म्हणतो, की त्या मंदिराचा थाट काहीसा परका, ग्रीक वळणाचा नसलेला असा होता. नापसंतीचा हा पहिला सूर.

रोजच्या जगण्याचं काय? ते फार थोडं आहे, पण आहे ते लक्ष देऊन वाचण्याजोगं आहे. बेटावर दोन झरे, एक गार पाण्याचा, एक ऊन पाण्याचा. त्यावर हौद बांधलेले, काही उघडे, काही हिवाळ्यासाठी छपराखालचे. राजांची आंघोळीची जागा वेगळी, इतरांची वेगळी, बायकांची वेगळी, घोड्यांची आणि ओझ्याच्या जनावरांचीसुद्धा वेगळी. उरलेलं पाणी देवाच्या राईला, आणि तिथून पुलांवरच्या पन्हळींतून बाहेरच्या वलयांकडं. बाहेरच्या वलयावर घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. पहारेकऱ्यांची घरंही वलयांप्रमाणं: साधे पहारेकरी बाहेर, जास्त भरवशाचे आतल्या वलयात, आणि सगळ्यांत भरवशाचे बालेकिल्ल्यात, राजांच्या अंगणात. जसजसं बाहेर जावं तसतसा विश्वास पातळ होत जातो. शहराच्या नकाशातच हे मुरवलेलं आहे.

आणि सगळ्यांत बाहेर, शेवटच्या तटाच्या आत, दाट वस्ती. इथं प्लेटो एकच वाक्य खर्च करतो. त्याचा आशय असा, की कालवा आणि मोठं बंदर ठिकठिकाणाहून आलेल्या गलबतांनी आणि व्यापाऱ्यांनी भरलेलं असे, आणि त्यांच्या गर्दीमुळं रात्रंदिवस आरडाओरड आणि नाना तऱ्हेचा गोंगाट चाले. बस्स. पुढं लगेच मैदानाची मोजमापं सुरू होतात.

पण आम्हांला विचाराल तर सबंध वर्णनातलं हेच वाक्य जिवंत आहे. सोनं-चांदी-हस्तिदंत कुणीही कल्पनेनं रचू शकतो. रात्रीसुद्धा न थांबणारा बंदरावरचा गोंगाट ऐकलेलाच असावा लागतो. प्लेटोनं तो कुठं ऐकला?

याचं उत्तर त्याच्याच आकड्यांत आहे. राजधानीमागच्या मैदानाचे ६०,००० वाटे केले होते. लढाईच्या वेळी प्रत्येक वाट्यानं इतर माणसांबरोबर चार खलाशी द्यायचे, असे एकूण १,२०० जहाजांसाठी. गणित करू या. ६०,००० गुणिले चार म्हणजे २,४०,०००. भागिले १,२००, म्हणजे एका जहाजावर २०० माणसं. अथेन्सच्या ट्रायरीमवर १७० वल्हेकरी आणि वर ३० अधिकारी, सैनिक आणि इतर, बरोबर २०० माणसं असत. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, खांबांपलीकडच्या बेटावर अथेन्सचीच जहाजं उभी आहेत! आणखी एक आकडा बघा. कालवा ५० स्टेडियनचा. अथेन्सपासून पायरियस बंदरापर्यंत ज्या 'लांब भिंती' बांधल्या होत्या त्यांची लांबी थ्युसिडिडीज ४० स्टेडियन देतो. समुद्रापासून आत असलेलं शहर, आणि बंदराला जोडणारी सरळ रेघ. फ्रेंच इतिहासकार पियेर विदाल-नाके यांनी १९६४ साली हे नीट मांडलं, की अटलांटिस म्हणजे प्लेटोच्या मनातलं आरमारी, साम्राज्यवादी अथेन्स. आणि अटलांटिसला हरवणारं कथेतलं 'प्राचीन अथेन्स' कसं आहे? सुपीक जमीन, बालेकिल्ल्यावर एकच झरा, सोन्या-चांदीला हात न लावणारे वीसेक हजार योद्धे. त्याला बंदर नाही, जहाजं नाहीत. प्लेटोनं स्वतःच्या शहराचं बंदर काढून घेतलं आणि शत्रूला देऊन टाकलं.

तेव्हा खऱ्या बंदरावर जाऊ या. पायरियसला तीन बंदरं: कांथारोस हे मोठं, आणि झेआ व म्युनिखिया ही लहान. इ. स. पू. ४९३च्या सुमारास थेमिस्टोक्लीजनं तिथं तटबंदीला हात घातला. दहा वर्षांनी लॉरियनच्या खाणींत चांदीचा मोठा साठा लागला. लोक म्हणाले, वाटून घेऊ. थेमिस्टोक्लीजनं त्यांना वळवलं, की जहाजं बांधू. ४८० मध्ये सॅलामिसला पर्शियन आरमार हरलं ते त्या जहाजांमुळं. पुढं मिलेटसच्या हिप्पोडॅमसनं पायरियसची आखणी केली, सरळ रस्ते, काटकोनात चौक. चौथ्या शतकातल्या आरमारी खात्याच्या शिलालेखांत जहाजं वर ओढून ठेवायच्या छपरांची संख्या दिली आहे, झेआला १९६, कांथारोसला ९४, म्युनिखियाला ८२. एकूण ३७२. त्यांतल्या काहींचे अवशेष आजही पायरियसमध्ये एका इमारतीच्या तळघरात बघायला मिळतात.

आता गोंगाट. आरमार निघायच्या दिवसाचं वर्णन अ‍ॅरिस्टोफेनीसनं एका नाटकात केलं आहे: पगार वाटला जातोय, धान्य मापलं जातंय, लसूण-कांदे-ऑलिव्ह यांची गाठोडी, वल्ही तासणारे सुतार, खुंट्या ठोकल्याचा आवाज, बासऱ्या, आणि मारामारीत सुजलेले डोळे. त्याच्याच काळातला हर्मिप्पस हा दुसरा विनोदी नाटककार मालाची यादी देतो. सिराक्यूजचं डुकराचं मांस आणि चीज, इजिप्तची शिडं आणि पपायरस, सीरियाचा धूप, लिबियाचा हस्तिदंत, फिनिशियाचा खजूर, कार्थेजच्या सतरंज्या आणि रंगीत उशा. आणि त्याच यादीत, त्याच दमात, फ्रिजियाचे गुलाम. नाटक विनोदी आहे आणि प्रेक्षक हसत होते, हे विसरू नये.

धक्क्याजवळ 'दैग्मा' नावाची जागा होती. शब्दाचा अर्थच 'नमुना'. व्यापाऱ्यानं तिथं धान्याचा नमुना मांडायचा, गिऱ्हाइकानं मुठीत घेऊन बघायचा. पेढीवाले तिथंच बसत. सफरीसाठी कर्ज मिळे. काळ्या समुद्रापर्यंत जाऊन-येऊन करायच्या सफरीच्या एका कर्जाचा करारनामा डेमॉस्थेनीसच्या भाषणांच्या संग्रहात आला आहे. ३,००० ड्राख्मा, व्याज हजारी २२५, आणि परतीला हंगाम उलटला तर ३००. जहाज बुडालं तर कर्जही बुडालं, अशी रीत होती. म्हणून व्याज एवढं. आयात-निर्यातीवर शेकडा दोन जकात, आणि तिचा मक्ता लिलावानं दिला जाई. शतकाच्या सुरुवातीला, युद्धात सगळं गमावल्यानंतरच्या दिवसांतसुद्धा, तो मक्ता ३६ टॅलेंटला गेला होता. म्हणजे वर्षाला किमान १,८०० टॅलेंटचा माल धक्क्यावरून जात-येत होता. अथेन्सची जमीन अथेन्सला पोसू शकत नव्हती. काळ्या समुद्रावरचं बोस्पोरसचं राज्य एकटंच वर्षाला सुमारे चार लाख मापं धान्य पाठवी. त्यासाठी धान्य-निरीक्षक, वजन-मापं तपासणारे, बाजारावर देखरेख करणारे असे अधिकारी चिठ्ठ्या टाकून नेमलेले. बंदरात उतरलेल्या धान्याचा दोनतृतीयांश भाग शहरात गेलाच पाहिजे, असा कायदा होता. अटलांटिसच्या वर्णनात असा एकही माणूस नाही. मापाडी नाही, हमाल नाही.

पाण्याचंही बघा. अटलांटिसला दोन झरे. पायरियसला ४३० साली, जेव्हा प्लेगची साथ आली, तेव्हा वाहतं पाणी नव्हतं. लोक टाक्यांतलं साठवलेलं पाणी पीत. साथ आधी बंदरातच उतरली, आणि लोक म्हणू लागले की शत्रूनं टाक्यांत विष टाकलं. बंदरातून धान्य येतं तसा रोगही येतो. प्लेटोचा जन्म त्यानंतर दोन-तीन वर्षांतला.

यावरून कुणी म्हणेल, प्लेटोची नाराजी समजण्यासारखी आहे. 'लॉज' या अखेरच्या ग्रंथात तो नवं शहर समुद्रापासून ८० स्टेडियन आत वसवतो आणि तेही त्याला जवळच वाटतं. शेजारचा समुद्र रोजच्याला गोड वाटला तरी तो खारा आणि कडू शेजारी आहे, त्यानं शहरात दुकानदारी वाढते आणि माणसं एकमेकांवर भरवसा ठेवीनाशी होतात, असा त्याचा युक्तिवाद. पण तिथंच पुढं तो सॅलामिसच्या विजयालाही कमी लेखतो. मॅरेथॉन आणि प्लॅटीआ या जमिनीवरच्या लढायांनी ग्रीक माणूस सुधारला, म्हणे, सॅलामिसनं नाही. इथं कान टवकारायला हवेत. मॅरेथॉनला कोण लढलं? स्वतःचं चिलखत आणि ढाल परवडणारा शेतकरी. सॅलामिसला वल्ही कुणी मारली? ज्यांच्याकडं जमिनीचा तुकडा नव्हता अशांनी. ज्याच्या पाठीवर जहाज चालतं त्याला सभेत मत असावं, हे अथेन्सच्या लोकशाहीचं साधं गणित होतं. लोकशाहीचे विरोधकसुद्धा ते मान्य करत, दात-ओठ खाऊन. तेव्हा बंदराच्या गोंगाटाची तक्रार करताना प्लेटो कुणाच्या आवाजाची तक्रार करतोय, हे आपण विचारलंच पाहिजे. २,४०,००० खलाशी तो मोजतो, पण त्यांतल्या एकाच्याही तोंडी शब्द देत नाही.

आता या कथेचा निवेदक. त्याचं नाव क्रिटियास. अभ्यासकांत वाद आहे, की हा तो प्रसिद्ध क्रिटियास की त्याचा आजा. घराणं मात्र एकच, आणि ते प्लेटोच्या आईचं. प्रसिद्ध क्रिटियास हा तिचा चुलतभाऊ. ४०४ साली अथेन्स स्पार्टाला शरण गेलं, बासरीवाल्या पोरींच्या तालावर लांब भिंती पाडल्या गेल्या, आणि लोकशाही मोडून तीस जणांची राजवट आली. तिचा म्होरक्या क्रिटियास. या तिसांनी पैशासाठी परदेशी रहिवाशांना धरायला सुरुवात केली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहत, कर भरत, पण जमीन घेऊ शकत नसत. त्यांच्यात सिराक्यूजहून आलेल्या केफालोसचे मुलगे होते. त्यांचा ढाली करायचा कारखाना होता. तिसांच्या माणसांनी ७०० ढाली आणि १२० गुलाम जप्त केले. थोरला मुलगा पोलेमार्कोस याला खटला न चालवता विष प्यायला लावलं. धाकटा लिसियास मागच्या दारानं निसटला, पुढं मोठा वक्ता झाला, आणि ही हकीकत त्याच्याच भाषणातून आपल्याला कळते. ४०३ मध्ये लोकशाहीवादी मंडळी पायरियसमध्ये शिरली आणि म्युनिखियाच्या टेकडीवर लढाई झाली. क्रिटियास तिथं मेला. त्याच्याबरोबर खार्मिडीजही मेला, तो प्लेटोचा सख्खा मामा. तिसांच्या वतीनं पायरियसचा कारभार पाहणाऱ्या दहा जणांत तो होता. प्लेटो तेव्हा पंचविशीच्या आसपास. पायरियस हे नाव उच्चारताना त्याच्या मनात काय काय येत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

आणि तरीही 'रिपब्लिक' कुठं सुरू होतं? पायरियसमध्ये. सॉक्रेटिस बंदरात उतरलेला आहे, बेंडिस नावाच्या थ्रेसच्या, म्हणजे परक्या, देवीची जत्रा बघायला. तो परत निघतो तेव्हा त्याला आग्रहानं थांबवून घरी नेणारा माणूस कोण? पोलेमार्कोस. घरात म्हातारा केफालोस डोक्यावर माळ घालून बसला आहे. त्याच्याशी म्हातारपणाच्या गोष्टी निघतात, त्यातून 'न्याय म्हणजे काय' हा प्रश्न निघतो. आदर्श नगरीची सगळी इमारत त्या प्रश्नावर उभी राहते, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, ज्याला पुढं अन्यायानं मारलं गेलं त्याच्या घरात. प्लेटोनं हे लिहिलं तेव्हा पोलेमार्कोसला कुणी मारलं हे अथेन्समधला प्रत्येक वाचक जाणत होता. कथा म्हणून जागा बदलणं प्लेटोला अवघड नव्हतं. त्यानं ती बदलली नाही.

म्हणून आम्हांला अटलांटिस वाचताना प्लेटोवर सरळ रागावता येत नाही. त्याला बंदर नको होतं हे खरं. पण दहा राजांच्या निळ्या झग्यांपेक्षा आणि सहा पंखांच्या घोड्यांच्या मूर्तीपेक्षा तो गोंगाट त्याच्या कानांत जास्त खोल बसलेला होता, हेही तितकंच खरं.

एक दुरुस्ती, बोलण्याच्या ओघात निसटलं: घोडे सहा, आणि प्रत्येकाला पंख. सहा पंखांचा घोडा प्लेटोनंही कल्पिला नाही.

'क्रिटियास' अपुरा आहे. झ्यूस अटलांटिसला शिक्षा करायचं ठरवतो, सगळ्या देवांना बोलावतो, बोलायला तोंड उघडतो, आणि तिथं, वाक्याच्या मध्येच, मजकूर थांबतो. बुडण्याची हकीकत 'तिमेयस'मधल्या दोन-चार ओळींपलीकडं प्लेटोनं कधी सांगितलीच नाही. ३७३ साली हेलिकी नावाचं एक खरं ग्रीक शहर, पोसायडनच्या प्रसिद्ध देवस्थानासकट, भूकंपात एका रात्रीत समुद्रात गेलं होतं. बुडणं कसं असतं हे त्याच्या वाचकांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

पुढच्या व्याख्यानात अ‍ॅरिस्टॉटल. 'पॉलिटिक्स'च्या सातव्या भागात तो हाच प्रश्न घेतो आणि व्यवहारी तोडगा काढतो, की बंदर असावं, पण शहराच्या आत नको, फार दूरही नको, आणि कुणी कुणाशी मिसळायचं ते कायद्यानं ठरवावं. हे लिहिणारा अ‍ॅरिस्टॉटल स्वतः स्टॅगिराहून आलेला परदेशी रहिवासी होता, पोलेमार्कोससारखाच. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात हिप्पोडॅमसची हकीकत आहे, त्याच्या लांब केसांसकट. जमल्यास दोन्ही वाचून या.